उजव्या खांद्यावरची पाकळी

आक्का,

तेरावं होऊन चार दिवस झाले. पाव्हणे गेले, मांडव निघाला, आणलेली मोठी पातेली परत गेली. तुझी गोधडी मात्र कॉटवर तशीच आहे, तू मिरजेला निघताना सारली होतीस तशी. घरात तीन माणसं आहोत, आणि तिघंही तिच्याकडे न बघता तिथून जातो. दादा तर त्या खोलीतून जायचंच टाळतात, परसातून वळसा घालून येतात. तुझा नवरा एवढा हळवा असेल असं मला वाटलं नव्हतं. तुला ठाऊक असेल. तू मात्र मला ते कधी सांगितलं नाहीस.

मला तुझ्याशी एक बोलायचं आहे. बरंच बोलायचं आहे, पण त्यातलं एक फार जड आहे, आणि ते कुठून सुरू करावं कळेना म्हणून मी हे इकडचं तिकडचं लिहितेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शालन, गोल गोल फिरू नगंस, बस आन् सांग."

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुला "आवं आक्का" म्हणायची. थोरली जाऊ म्हणजे मान द्यायचा, एवढं आईनं शिकवून पाठवलं होतं. महिनाभरानं चुलीपुढं तू मला म्हणालीस, "हे आवं-जावं तुज्या नवऱ्याला कर. माजी आय गेली तवापासनं मला अगं म्हननारं कोन न्हाई ऱ्हायलं. तू म्हन." त्या दिवसापासून माझ्यासाठी तू "तू" झालीस. सासूबाई असेपर्यंत त्यांच्यासमोर मी जिभेला गाठ मारून "तुमी" म्हणायची, आणि तू तोंडाला पदर लावून हसायचीस.

मग आम्ही तिकडं दक्षिणेत गेलो. विट्याकडची माणसं जातात तसेच, सोनं गाळायच्या दुकानासाठी. दुकानाच्या माडीवर एक खोली, खाली भट्टी, ॲसिडचा वास केसांत बसलेला. स्वाती सहा वर्षांची झाली तेव्हा तिला शाळेसाठी तुझ्याकडे पाठवली. वर्षभरासाठी म्हणून पाठवली होती, दहा वर्षं राहिली. तुला ती "आई" म्हणायला लागली आणि मला "मम्मी". फोनवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नाही. आज सांगते, मला तुझा फार राग आला होता. आणि त्याच तोंडानं हेही सांगते, की तिला ताप आला, दात पडला, ती पहिल्यांदा बाजूला बसली, सगळं तू निस्तरलंस. मी तिला जन्म दिला आणि तू तिला वाढवलंस. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही. दिवाळीला साडी आणायची, बस. साडीवर भागवलं मी.

तुला मूल नव्हतं. एकदा मी धीर करून विचारलं होतं, "नाथाला कधी विचारलं न्हाईस का गं?" तू ज्वारी पाखडत होतीस. म्हणालीस, "इचारलं की. पाच वरसं इचारलं. पाची वरसं डावी दिली. मग इचारायचं सोडलं." आणि थोड्या वेळानं म्हणालीस, "डावी डावी म्हनत ऱ्हायला आन् तुजी पोर आनून मांडीवर ठेवली. आता त्याच्या मनात काय हुतं, हे मी कुनाला इचारायचं?"

तिकडे आमच्या शेजारणीला मी एकदा उजवी-डावी म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये. आमच्या गावात नाथाचं देऊळ आहे. काही ठरवायचं असलं की गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी चिकटवतो. आपण प्रश्न मनात धरून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. ती म्हणाली, आणि तुम्ही ऐकता? मी म्हटलं, माझी जाऊ ऐकते. मी हसले होते सांगताना.

मी हसायचीच. तू विहीर खोल करायची का ते विचारायचीस, म्हैस विकायची का ते विचारायचीस. डाळिंबाची बाग लावायची का, तेही विचारलंस. उजवी मिळाली. बाग लागली, तिसऱ्या वर्षी फळ धरलं, आणि त्याच पावसाळ्यात तेल्या रोग आला. एकेका फळावर काळे डाग, उकललेली सालं. सगळी बाग उपटून बांधावर टाकली. आम्ही तेव्हा गावी आलो होतो. मी तुला टोमणा मारला, "का गं आक्का, उजवी दिली हुती न्हवं तुज्या नाथानं?" तू हातातली फांदी खाली ठेवलीस. "त्यानं लाव म्हनलं हुतं. टिकंल कवा म्हनला?"

मी चिडले. म्हटलं, मग विचारायचंच कशाला, दोन्हीकडून त्याचंच खरं. तू म्हणालीस, "इचारायचं ते पुढं काय हुनार ह्यासाठी न्हवं गं. पाऊल टाकताना कोन तरी संगं हाय, एवढ्यासाठी." हा वाद आपला तिथंच राहिला. मला तेव्हाही पटलं नव्हतं. आत्ता पटलंय का, तेही धड सांगता येत नाही.

मग आमचं दुकान बसलं. ह्यांच्या हाताची कातडी जळून जळून कागदासारखी झाली होती, छातीत घरघर होती. सगळं आवरून आम्ही गावी यायचं ठरवलं, पण पुढं काय, हे दोघांनाही माहीत नव्हतं. आलो तेव्हा तू दारात उभी होतीस. एक प्रश्न विचारला नाहीस. आतून पाणी आणलंस आणि म्हणालीस, "मी नाथाला इचारलं हुतं, धाकटी यील का म्हनून. उजवी दिली."

मी म्हटलं, "आन् डावी दिली असती तर?"

"तर दुसऱ्या दिशी परत इचारलं असतं."

त्या दिवशी मला कळलं की तुझी श्रद्धा मला वाटत होती तितकी भोळी नाही. तू देवाशी चक्क भांडत होतीस, फक्त हळू आवाजात.

आता जे सांगायचं ते सांगते.

गेल्या वर्षीपासून तुला दम लागायला लागला. देवळाच्या पायऱ्या अकराच, पण तू चौथीवर थांबायचीस आणि दीपमाळेकडे बघत असल्याचं सोंग करायचीस. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे, बदलावी लागेल. ऑपरेशनमध्ये धोका आहे आणि न करण्यातही आहे. स्वाती सांगलीहून रोज फोन करायची, "मम्मी, तू आईला तयार कर." आणि तू म्हणालीस, "रविवारी नाथाला इचारू."

मला रडू कोसळलं. एका पाकळीवर तुझा जीव? मी रागानं तुला नाही नाही ते बोलले. तू अडाणी आहेस म्हणाले. तू भाकरी थापत राहिलीस.

शनिवारी संध्याकाळी, तू म्हशीच्या धारा काढत होतीस तेव्हा, मी गुरवमामांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसून हार ओवत होते. मी म्हटलं, "मामा, उद्या आक्का येनार हाय. उजवी जरा सैल लावा."

त्यांनी मान वर केली नाही. सुईत दोन फुलं घातली. मग म्हणाले, "घरी जा पोरी."

हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी घरी आले. तू दुधाची चरवी घेऊन आत येत होतीस. "कुटं गेलतीस?" म्हणालीस. मी म्हटलं, "कुटं न्हाई."

रविवारी सकाळी परसातल्या पांढऱ्या कण्हेरीची फुलं तूच तोडलीस. गुरवमामांनी देवळातला पंखा बंद केला, वाऱ्यानं पाकळी पडू नये म्हणून ते नेहमी करतात तसा. पाण्यात बुडवून दोन पाकळ्या लावल्या. तू डोळे मिटलेस. मी मिटले नाहीत. मी उजव्या खांद्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पड, पड. आणि ती पडली. फार लवकर पडली, आक्का. मी वीस मोजेपर्यंतही थांबली नाही. तू हात जोडलेस, उठलीस, म्हणालीस, "चला. पिशवी भर माजी."

पायऱ्या उतरेपर्यंत मला आनंद झाला होता. जिंकल्यासारखा. खाली आल्यावर मी वळून बघितलं. गुरवमामा गाभाऱ्याच्या दारात उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

दवाखान्यात तू इतकी शांत होतीस की मला तुझ्या शांतपणाचीच भीती वाटायला लागली. शेजारच्या खाटेवर जतकडची एक बाई होती, रात्रंदिवस रडायची. तिला तू म्हणालीस, "रडू नगं बाई. त्याच्या मनात काय तरी असतंय. मला तर उजवी दिलीया त्यानं. आता मागं बघायचं न्हाई." मी तिथंच बसून तुझ्यासाठी मोसंबं सोलत होते. तू ज्या उजवीवर एवढी रेलून बसली होतीस, ती कदाचित देवाची नव्हतीच. माझी होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुला तो हिरवा झगा घातला, बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या. ढकलगाडी आली. मी म्हटलं, "आक्का, तुला एक सांगायचं हाय."

तू माझ्याकडे बघितलंस. मग माझ्या हातावर थोपटलंस आणि म्हणालीस, "आल्यावर सांग."

ऑपरेशन नीट झालं म्हणाले. पण तू पुरती शुद्धीवर आलीच नाहीस. मग फुप्फुसात जंतू गेले. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. अकराव्या दिवशी तू गेलीस. तुझ्या बांगड्या अजून माझ्या पिशवीत होत्या.

आता इथून पुढं मला काहीच समजत नाही. झोपेतून उठल्यापासून एकच चक्र फिरतं. मी गुरवमामांकडे गेले नसते, तर डावी पडली असती का? डावी पडली असती, तर तू आज परसात कोंबड्यांना हाकलत असतीस का? की गोळ्या खात खात, चौथ्या पायरीवर थांबत, चार महिन्यांनी गेली असतीस, आणि मी म्हटलं असतं, त्या पाकळीनं माझ्या जावेचा जीव घेतला? दोन्हीकडून मीच अपराधी ठरते. आणि कधी कधी दोन्हीकडून सुटते. मग सुटल्याचीही लाज वाटते.

स्वातीनं तर तेराव्याला सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आईनं जन्मभर देवाचं ऐकलं. देवानं तिचं काय ऐकलं? मला आता देवाचं नाव काढू नका." त्या दिवसापासून ती देवघरात पाऊल टाकत नाही. सांगलीच्या खोलीतला तू दिलेला नाथाचा फोटोही तिनं उतरवून ठेवलाय. तू तिला परवचा शिकवलास, तू तिला दिवा लावायला शिकवलंस, आणि माझ्यामुळं तिनं तो विझवला. मी गप्प बसले आक्का. देवावर आळ आला आणि मी तो येऊ दिला. सांगितलं असतं, तर माझी पोर माझ्याकडं कधी बघेल का, ही भीती वाटली. तुझ्याकडून कशीबशी परत मिळाली होती मला ती.

काल सुतक संपल्यावर पहिल्यांदा देवळात गेले. गुरवमामा एकटेच होते. मी सरळ विचारलं, "मामा, त्या दिशी तुमी उजवी सैल लावली हुती का?"

ते खाली बसले. मलाही बसवलं. म्हणाले, "तू त्या सांजंला गेलीस, आन् दिवेलागनीला ती आली."

"कोन?"

"कोन म्हंजी, तुजी आक्का. पायऱ्या चढाय दम न्हवता, तरी घरापतुर आली. म्हनली, शालन येऊन गेली न्हवं? मी काय बोललो न्हाई. ती हसली. म्हनली, काय म्हनली आसंल ते मला ठावं हाय. लय जीव हाय तिचा माज्यावर. पर मामा, तिचं ऐकू नगा. आन् मला भ्या वाटतंय म्हनून मी काय म्हनलं तर माजंबी ऐकू नगा. दोन्ही सारख्या लावा. त्याला बोलू द्या."

तुला भीती वाटत होती. तू कुणालाच सांगितलं नाहीस, त्या म्हाताऱ्या गुरवाला सांगितलंस. आणि मी काय केलंय हे तुला माहीत होतं. धारा काढून येताना "कुटं गेलतीस" विचारलंस तेव्हा कळलं असेल. "आल्यावर सांग" म्हणालीस तेव्हा तर पुरतं ठाऊक होतं.

"मग?" मी म्हटलं. "सारख्या लावल्या ना तुमी?"

गुरवमामांनी स्वतःचे हात पुढे धरले. "चाळीस वरसं लावतुय पोरी. कवा हात कापला न्हाई. त्या दिशी कापला. एक म्हनती सैल लाव, एक म्हनती सारखी लाव. सारखीच लावली म्हनतो मी. पर उजवी लावताना तुजं बोलनं मनात आलं का न्हाई? आलं. मग बोट सैल पडलं का काय, मला ठावं न्हाई. देवाची शपथ, मला ठावं न्हाई."

म्हणजे बघ, आता तिघांतल्या कुणालाच माहीत नाही. तू म्हणायचीस, त्याच्या मनात काय तरी असतंय. मीच त्याच्या मनात होते का? त्याला पाकळी पाडायची होती, म्हणून त्यानं मला शनिवारी गुरवाच्या ओसरीवर पाठवलं का? असं म्हटलं की मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवत नाही. की त्याला तुला डावीच द्यायची होती, आणि मी मध्ये हात घातला? की खांद्यावर नुसतं पाणी होतं, आणि पाणी वाळलं? तू असतीस तर विचारलं असतं. तू म्हणाली असतीस, "त्यानं जा म्हनलं हुतं. माघारी येशील कवा म्हनला?" हे मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. त्यानं शांत वाटायला हवं. मला फक्त तुझी आठवण येते.

मी गुरवमामांना म्हटलं, माझ्यासाठी लावा. त्यांनी विचारलं, "काय इचारायचंय?" मी म्हटलं, "स्वातीला सांगू का." त्यांनी पंखा बंद केला. पाकळ्या तुझ्याच कण्हेरीच्या होत्या, मी तोडून नेल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा मी डोळे मिटून बसले. बसून बसून पायाला मुंग्या आल्या. ऊन उंबऱ्यावरून गाभाऱ्यात आलं. डोळे उघडून बघितलं तर दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. कडा वाळून वळायला लागल्या होत्या, तरी एकही पडली नव्हती.

"देत न्हाई आज," गुरवमामा म्हणाले. "उद्या ये."

मी घरी आले. येताना वाटलं, बरं झालं, सुटले. मग तू दारात उभी असल्यासारखी वाटलीस, पाण्याचा तांब्या घेऊन, काही न विचारता. आणि मला माझीच शरम वाटली. आयुष्यभर तुझ्या पाकळ्यांना हसले, आणि माझी वेळ आली तेव्हा त्यांच्याच मागं लपायला बघत होते. मी आज देवळात गेले नाही. हे विचारायला मला पाकळी लागू नये, एवढं तरी तुझ्याबरोबर राहून कळायला हवं होतं.

तू "आल्यावर सांग" म्हणाली होतीस. तू आली नाहीस, म्हणून आधी तुला लिहून सांगितलं. तुझी गोधडी आज मी घडी करून माझ्या उशाला घेतलीय. उद्या रविवार. स्वाती सकाळच्या एसटीनं येतेय. तिला परसात कण्हेरीखाली बसवणार आहे आणि सगळं सांगणार आहे, शनिवारच्या ओसरीपासून. ती उठून जाईल, की तुझ्यासारखी हातावर थोपटेल, मला अजिबात माहीत नाही.

तिनं डावी दिली, तर परवा पुन्हा विचारीन.

तुझी,
शालन